तरंगला म्हणजे अतिवाहक झाला का? संशोधनाच्या बातम्यांमधील एक निसटणारी पायरी

नमस्कार मंडळी. नाशिकच्या गंगापूर रोडवरील माझ्या याच खोलीतून मी तुमच्याशी बोलत असतो आणि पंख्याच्या घरघरीमुळे शब्द नीट ऐकू येत नाहीत, अशी तुमची तक्रार असते. म्हणून मे महिना असूनही आज पंखा बंद ठेवला आहे. कपाळावर घाम दिसला तर त्याचे श्रेय आपल्याच टिप्पण्यांना द्यावे.

आजच्या विषयाचे कारणही टिप्पण्याच आहेत. "दादा, संगणक, भौतिकशास्त्र, गणित, कर्करोग आणि नवे पदार्थ, या पाचही क्षेत्रांतले ताजे शोध पाच मिनिटांत सांगा," अशी मागणी दर महिन्याला येते. तसा व्हिडिओ मी करणार नाही. त्याऐवजी, या पाचही क्षेत्रांतील बातम्या वाचताना जी एक पायरी हमखास निसटते आणि जिच्यावरून मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, तिच्याविषयी आज बोलणार आहे. ती पायरी म्हणजे दिसलेली खूण आणि केलेला दावा यांच्यामधली तपासणी.

प्राथमिक गोष्टी झटपट उरकतो. संशोधक आपला निबंध बहुधा आधी अर्काइव्हसारख्या संकेतस्थळावर ठेवतात; तो त्या वेळी समीक्षकांनी तपासलेला नसतो. नंतर नियतकालिक तो जाणकार समीक्षकांकडे पाठवते, दुरुस्त्या होतात, निबंध छापला जातो, आणि पुढे गंभीर चूक निघाली तर तो मागेही घेतला जातो. हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून पुढे जाऊ.

आता माझी फजिती. २२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातील संशोधकांनी एलके-९९ नावाच्या पदार्थाविषयीचे निबंध अर्काइव्हवर ठेवले. शिसे, तांबे आणि फॉस्फेट यांपासून बनलेला हा काळपट खडा साध्या हवेच्या दाबाखाली, खोलीच्या तापमानालाच नव्हे तर थेट १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो, म्हणजे विजेला काहीही रोध करत नाही, असा त्यांचा दावा होता. अतिवाहक चुंबकावर तरंगतो, म्हणून सोबत एक चित्रफीत होती, जिच्यात तो खडा चुंबकावर एका कडेने उचललेला आणि दुसऱ्या कडेने टेकलेला दिसत होता. मी त्याच आठवड्यात व्हिडिओ केला आणि त्याचे शीर्षक दिले, "विजेची गळती कायमची संपली!" उद्गारचिन्हासह. माझ्या वाहिनीवर आजवर सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ दुर्दैवाने तोच आहे.

(कॅमेरा टेबलावर.)

हे पाहा. येथे चार लहान चौकोनी चुंबक एकमेकांना चिकटवून ठेवले आहेत, शेजारच्या चुंबकांची तोंडे एकमेकांच्या उलट. आता चिमट्याने ही नखाएवढी पातळ काळी चकती मी वर ठेवतो. ती टेकली नाही. खालून पोस्टकार्डाचा कोपरा सरकवतो. तो आरपार गेला. फुंकर घातली तर ती डुलते आणि पुन्हा जागेवर येते. ही चकती पायरोलिटिक ग्राफाइटची आहे, म्हणजे पेन्सिलच्या शिशाचाच एक सुबक, थरांवर थर रचलेला भाऊबंद, आणि तो अतिवाहक मुळीच नाही. काही पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किंचित विरोध करतात, त्यांना प्रतिचुंबकीय म्हणतात. ग्राफाइटमध्ये हा गुण इतका ठळक असतो की चकती खोलीच्या तापमानाला, फुकटात, तरंगते.

याचा अर्थ असा की तरंगणे ही खूण आहे, आणि अतिवाहकता हा दावा आहे. अतिवाहक तरंगतो, हे खरे. परंतु जो जो तरंगतो तो अतिवाहक, हे खरे नाही. एका कडेने उचललेला खडा तर साध्या लोहचुंबकीय गुणामुळेही तसा उभा राहू शकतो, हे बीजिंगच्या गटाने पुढे दाखवून दिले.

"पण दादा, त्यांनी रोधही मोजला होता," असे अनेकांनी लिहिले. मोजला होता, आणि साधारण १०४ अंशांपाशी तो एकदम कोसळतही होता. मात्र तो खडा बनवताना त्यात तांब्याचे सल्फाइड भेसळीसारखे उरते, आणि नेमक्या त्याच तापमानाला तांब्याच्या सल्फाइडची अंतर्गत रचना बदलून त्याचा रोध कोसळतो. खूण पुन्हा खरी, कारण पुन्हा वेगळे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने हा पदार्थ बनवून पाहिला, तेव्हा त्यात अतिवाहकता आढळली नाही. जर्मनीतील स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने भेसळविरहित स्फटिक वाढवले, तर ते जांभळट आणि पारदर्शक निघाले, आणि वीजवाहक तर नाहीच, उलट चांगले विद्युतरोधक ठरले.

माझा उतरलेला चेहरा पाहून दिंडोरीच्या मामांनी कारण विचारले. त्यांची द्राक्षबाग आहे. मी सगळी हकिकत सांगितल्यावर ते म्हणाले, "पान पिवळं दिसलं की तू लगेच फेरस मारणार का? आधी देठ तपासायला पाठव की." मामांचे म्हणणे अक्षरशः लागू पडते. चुनखडीच्या जमिनीत लोह अडकून पडले तर वेलीची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी होतात. नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी होतात. पाणी साचून मुळी गुदमरली तरी पिवळेपणा येतो. लांबून पाहणाऱ्याला पिवळे पान एकच दिसते. बागायतदार मात्र कोणते पान आधी पिवळे पडले हे विचारतो आणि देठ परीक्षण करून घेतो, कारण चुकीचे खत घातले तर पैसा आणि हंगाम दोन्ही जातात. संशोधनाची बातमी वाचताना विचारायचा प्रश्न नेमका हाच आहे: हीच खूण दुसऱ्या कशामुळे उमटू शकते का, आणि ती शक्यता संशोधकांनी कशी तपासली?

हाच प्रश्न आता संगणकाकडे वळवू. "अमुक कृत्रिम बुद्धिमत्तेने गणिताच्या परीक्षेत इतके गुण मिळवले" ही बातमी आपण आठवड्यातून दोनदा वाचतो. गुण ही खूण आहे, आकलन हा दावा आहे. परीक्षेतील प्रश्न आंतरजालावर आधीपासून असतील आणि प्रारूपाने, म्हणजे त्या बुद्धिमत्तेच्या मॉडेलने, ते शिकतानाच पाहिले असतील, तर गुण पाठांतराचेही असू शकतात. पेपरफुटीचा अनुभव असलेल्या आपल्या राज्यात हे अधिक समजावण्याची गरज नसावी. ॲपल कंपनीच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये शालेय गणितांच्या एका प्रसिद्ध संचातील नावे आणि आकडे बदलून पाहिले, तेव्हा प्रारूपांचे गुण घसरले. त्याहून बोलके उदाहरण किवी फळांचे आहे. शुक्रवारी ४४ फळे तोडली, शनिवारी ५८, आणि रविवारी शुक्रवारच्या दुप्पट. "मात्र त्यांपैकी पाच फळे जरा लहान होती". तर एकूण फळे किती? उत्तर १९०. लहान असले तरी फळ ते फळच. परंतु काही नामांकित प्रारूपांनी ती पाच फळे वजा केली आणि १८५ असे उत्तर दिले. मामांच्या बागेत कामाला येणारे कोणीही असे करणार नाही. लहान घड मोजणीतून वगळला तर ते आधी मामांशी भांडतील.

तुमच्यापैकी काहींनी मला यंत्रविरोधी ठरवले आहे. मी तसा नाही. अशी प्रारूपे मी रोज वापरतो. आक्षेप बातमीतील उडीवर आहे.

आता कर्करोग, आणि येथे माझा स्वर थोडा चढला तर समजून घ्यावे, कारण या विषयावरचे निरोप मला घरच्या समूहांवरही येतात. "अमुक द्रव्याने कर्करोगाच्या पेशी ४८ तासांत मेल्या." काचेच्या बशीतील पेशी मरणे ही खूण आहे. बशीतल्या पेशी फिनाइलनेही मरतात. प्रश्न असा असतो की त्या कशामुळे मेल्या, आणि शरीरातील निरोगी पेशींना सोडून मेल्या का.

हे केवळ निरोपांपुरते असते तर गोष्ट निराळी होती. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या गटाने २०१९ मध्ये अशी दहा औषधे घेतली, ज्यांपैकी काहींच्या रुग्णांवर चाचण्याही सुरू होत्या. प्रत्येक औषध पेशीतील एका ठरावीक प्रथिनावर आघात करते आणि म्हणून पेशी मरते, असा समज होता. या गटाने क्रिस्पर तंत्राने त्या प्रथिनाचे जनुकच पेशीतून काढून टाकले. समज बरोबर असता, तर दोन गोष्टी घडायला हव्या होत्या: जनुक गेल्यावर पेशी खंगायला हव्या होत्या, आणि लक्ष्यच नाहीसे झाल्यामुळे औषध निष्प्रभ व्हायला हवे होते. यांपैकी एकही घडली नाही. पेशी मजेत वाढल्या, आणि औषध घातल्यावर पूर्वीसारख्याच मेल्या. म्हणजे औषध पेशी मारत होते हे निर्विवाद, पण सांगितलेल्या वाटेने मारत नव्हते. त्यांपैकी एका औषधाचे खरे लक्ष्य सीडीके-११ नावाचे निराळेच प्रथिन निघाले. असल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो, कारण कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे हे लक्ष्य पाहूनच ठरते.

इतकेच काय, बशीतल्या पेशी कोणाच्या हेही गृहीत धरता येत नाही. एमडीए-एमबी-४३५ नावाची पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा वंश, अनेक वर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. जनुकीय तपासणीत ती मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाची निघाली.

आणि आता हळद. होय, मला ठाऊक आहे की याखाली वाद होणार आहे.

(कॅमेरा पुन्हा टेबलावर. दिवा बंद.)

वाटीत हात निर्जंतुक करण्याचे, मद्यार्क असलेले द्रावण आहे. त्यात मी चिमूटभर स्वयंपाकाची हळद ढवळली आहे. हा नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आहे; ज्या गावातील नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, तेथे असा दिवा प्रत्येक किराणा दुकानात असणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. दिवा लावतो. वाटीतील द्रावण हिरवट पिवळे उजळले. ही चमक हळदीतील कुर्कुमिन या द्रव्याची आहे. आता विचार करा: एखादे औषध प्रथिनाला चिकटले की नाही, हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या अनेक चाचण्या चमकेवरच चालतात. तेथे कुर्कुमिन घातले तर मोजपट्टी हलते, पण ती प्रथिनाला चिकटल्यामुळे हलली की द्रव्य स्वतःच चमकल्यामुळे? त्यातच कुर्कुमिन पाण्यात पटकन विघटित होते आणि तोंडाने घेतले तर रक्तात अगदी थोडे उतरते. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी या द्रव्याचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा शंभराहून अधिक चाचण्या होऊनही, रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून औषध गुप्त ठेवून केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली त्यांना आढळली नाही. हळद भाजीत घालावी, आमच्याकडे रोज घालतात. उपचार सोडून हळद घेऊ नये, एवढेच मी म्हणत आहे, आणि हे वाक्य कापून अर्धेच पसरवू नये ही विनंती आहे.

गणितात तरी खूण आणि दावा एकच असतील, असे एका शिक्षिकेने लिहिले होते. पोल्याचे अनुमान पाहा. १९१९ मध्ये मांडलेल्या या अनुमानानुसार, कोणत्याही संख्येपर्यंतच्या संख्या घेतल्या तर त्यांतील निम्म्या किंवा अधिक संख्यांच्या मूळ अवयवांची मोजणी विषम येते. हाताने करून पाहा, जुळते. लाखापर्यंत जुळते, कोटीपर्यंत जुळते. ९०,६१,५०,२५७ या संख्येपाशी ते मोडते. नव्वद कोटी उदाहरणे जुळणे हीदेखील केवळ खूणच होती.

उलट बाजूचे उदाहरण मला फार आवडते. पाच अवस्थांचे, म्हणजे मोजक्याच नियमांवर चालणारे, सर्वांत साधे काल्पनिक संगणकयंत्र थांबण्यापूर्वी जास्तीत जास्त किती पावले चालू शकते, या प्रश्नावर ४,७१,७६,८७० पावले चालून थांबणारे यंत्र १९८९ मध्येच सापडले होते. त्याहून लांब चालून थांबणारे दुसरे कोणतेही नाही, हे सिद्ध व्हायला २०२४ साल उजाडले. जगभरातील हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी उरलेले प्रत्येक यंत्र एकतर त्याआधी थांबते किंवा कधीच थांबत नाही हे दाखवले, आणि ती सिद्धता कॉक नावाच्या प्रणालीकडून ओळीनओळ तपासून घेतली. उत्तर तेच राहिले, पस्तीस वर्षे गेली ती "दुसरे काही नाही ना?" या एका प्रश्नात.

भौतिकशास्त्रात हा प्रश्न किती गांभीर्याने घ्यावा, हे गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोकडून शिकावे. तेथे निवडक लोक कधीकधी मुद्दाम खोटा संकेत यंत्रात सोडत आणि बाकीच्यांना कळू देत नसत. २०१० मध्ये अशाच एका खोट्या संकेतावर शास्त्रज्ञांनी अनेक महिने काम केले, निबंधाचा मसुदाही तयार केला, आणि मग पाकीट उघडून त्यांना सत्य सांगण्यात आले. त्यामुळे १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरा संकेत आला, तेव्हा पहिली चौकशी झाली ती "हा आपल्यापैकीच कोणी सोडलेला तर नाही ना?" ही. सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरील दोन यंत्रांत तोच आकार सात सहस्रांश सेकंदांच्या फरकाने उमटला होता, तरीही जाहीर घोषणा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. याच मालिकेतील भारतीय यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभे राहणार आहे.

"तो एलके-९९ चा व्हिडिओ काढून का टाकत नाही?" हा शेवटचा प्रश्न. मी तो काढलेला नाही. शीर्षक बदलले आहे, उद्गारचिन्ह गाळले आहे, आणि पहिल्याच टिप्पणीत चूक मान्य केली आहे. तरीही कालच कोणीतरी त्याखाली लिहिले, "अभिनंदन! भारतात कधी येणार?" त्यांना उत्तर म्हणून हा व्हिडिओ पाठवतो, आणि आता आधी पंखा लावतो.