फुटाण्याची वाकडी मान

नमस्कार मंडळी. ससेहोलपट हा शब्द आपण किती सहज वापरतो, एसटी चुकली की ससेहोलपट, एका दाखल्यासाठी तीन टेबलं फिरावी लागली की ससेहोलपट, पण खरोखरच्या सशाची होलपट कशी असते ते मी गेल्या वर्षी आमच्याच हॉलमध्ये बघितलं. पिठोरी अमावस्येची रात्र होती, अकरा वाजून गेलेले, आणि पिंजऱ्यातून धाडधाड आवाज यायला लागला. मला वाटलं मांजर शिरलं. लाइट लावला तर आमचा फुटाणा कुशीवरून कुशीवर नुसता गडगडतोय, मान डावीकडे पार खांद्याला टेकलेली आणि बुबुळं डावीउजवीकडे भराभर हलतायत, आगगाडीच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाची हलतात ना तशी.

फुटाणा म्हणजे आमचा ससा, वय चार, वजन एक किलो सहाशे. नाव मुलीने ठेवलं, का ते ज्यांनी सशाच्या लेंड्या बघितल्यात त्यांना सांगायला नको.

सासूबाई म्हणाल्या, "अगं ह्याच्यावरून वारं गेलं." आणि मीठमोहऱ्या घेऊन आल्याच. मी काढू दिली नजर, रात्री अकरा वाजता साताऱ्यात सशाचा डॉक्टर कुठून आणणार. रात्रभर मी त्याला टॉवेलात घट्ट गुंडाळून मांडीवर धरून बसले, सोडला की परत गडगडायचा.

सकाळी जवळच्या एका डॉक्टरांकडे नेला. ते म्हणाले मी गुरं बघतो, कुत्रीमांजरं बघतो, सशाचं मला फारसं माहीत नाही, आणि खरं सांगू का ताई, हा पॅरालिसिस आहे, ह्याला इंजेक्शन देऊन मोकळा करा. त्यांच्यावर राग नाही माझा, माहीत नाही हे तोंडावर कबूल तरी केलं. पण मुलगी तिथेच उभी होती आणि तिचा चेहरा बघून आमचे हे म्हणाले, पुण्याला जाऊ. मग धुण्याच्या मोठ्या टबात चारी बाजूंनी टॉवेलाच्या वळकट्या घट्ट बसवल्या, मध्ये फुटाणा, आणि निघालो. खंबाटकीच्या वळणांना टब दोन्ही हातांनी धरून मी त्याच्याशी बोलत होते, काय बोलत होते देव जाणे.

पुण्यातल्या डॉक्टर मात्र ससे बघणाऱ्या होत्या. त्यांनी आधी कानात नळी घालून बघितलं, कारण मान वाकडी व्हायची दोन मोठी कारणं, एक म्हणजे आतल्या कानाचं इन्फेक्शन आणि दुसरं एक परजीवी, नाव मोठं आहे, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली, डॉक्टर लोक नुसतं ई-क्युनिक्युली म्हणतात. सशांत हा 1922 साली राइट आणि क्रेगहेड ह्या दोघांनी पहिल्यांदा नोंदवला. आधी त्याला आदिजीव समजायचे, आता बुरशीच्या नात्यातला मानतात. एका सशाच्या लघवीतून बाहेर पडतो, दुसऱ्याच्या चाऱ्याला लागतो, नाहीतर आईकडून पोटातच पिल्लाला मिळतो. मग मेंदूत नाहीतर किडनीत, कधीकधी डोळ्याच्या भिंगात घर करून वर्षानुवर्षं गप्प बसतो. बरेच ससे तो अंगात घेऊन आयुष्यभर मजेत जगतात, आणि म्हणूनच रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी हाच आजार आहे असं छातीठोक सांगता येत नाही. फुटाण्याचे कान स्वच्छ निघाले, एक्स-रेत काही दिसलं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या आपण ई-क्युनिक्युली धरून चालू, कारण वाट बघण्यात दिवस घालवले तर मेंदूची सूज वाढेल.

औषध ऐकून मी चाटच पडले. फेनबेंडाझोल, गाईम्हशींना जंतांसाठी देतात तेच! किलोला वीस मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, अठ्ठावीस दिवस. जोडीला सुजेसाठी मेलोक्सिकॅम. पण हे ऐकून कोणी गोठ्यातली बाटली काढून सशाला पाजू नका हं, हे औषध जास्त झालं तर रक्त तयार होण्यावर परिणाम होतो, आमच्या फुटाण्याचं मध्ये एकदा रक्त तपासलं होतं. आणि कानाच्या इन्फेक्शनवर ॲमॉक्सिसिलिन, जे आपल्या सगळ्यांच्या घरात अर्धी स्ट्रिप पडलेलं असतं, ते सशाला तोंडाने कधीच द्यायचं नाही. पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा त्यानेच जातो.

निघताना मी विचारलं, डॉक्टर, मान सरळ होईल का हो? त्या म्हणाल्या, "मानेकडे बघूच नका तुम्ही, लेंड्यांकडे बघा."

मला तेव्हा हे विचित्रच वाटलं. पण ससा आजाराने जातो त्याच्या आधी उपासाने जातो. त्याला उलटी करता येत नाही, त्याचं आतडं सतत चालू लागतं, बारा तास पोटात काही गेलं नाही तर आतडं बंद पडतं, गॅस धरतो, मग मान सरळ असून काय उपयोग. आणि ज्याला जमीन कुठे आणि आढं कुठे तेच कळत नाहीये, जगच गरगर फिरतंय, तो चारा काय खाणार.

म्हणून आमचं घर चार तासांच्या घड्याळावर लागलं. गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवायच्या, मिक्सरला फिरवून गाळायच्या, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरायच्या. फुटाण्याला पोटाजवळ पालथाच धरायचा, उताणा कधीच नाही, पुढच्या दातांच्या मागे बाजूला जी फट असते तिथून टोक आत सरकवायचं आणि एक-एक मिली, तो चघळून गिळेपर्यंत थांबायचं, घाई केली तर फुप्फुसात जातं. पंधरा मिलीला पाऊण तास. पहिल्या दिवशी निम्मं माझ्या गाऊनवर, थोडं भिंतीवर, दोन मिली सासूबाईंच्या चष्म्यावर. रात्रीचे दोनचे आणि पहाटेचे सहाचे मी केले, दुपारचे सासूबाईंनी. ज्या बाई आधी "घाण करतंय मेलं" म्हणायच्या त्याच दुपारची झोप सोडून "आ कर रे राजा" करत बसायच्या.

डावी बाजू खाली म्हणून डावा डोळा सारखा टॉवेलला घासायचा, त्यात ड्रॉप. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या रात्री परत खातो, किळस करू नका, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात, पण ह्याचं तोंडच मागे पोचेना, मग सगळं बुडाला चिकटलेलं, ते कोमट पाण्याने पुसायचं. अंघोळ नाही घालायची, सशाला अंघोळीचा धसका बसतो. लादीवर पाय घसरले की परत गडगडणार म्हणून माझी योगा मॅट खाली अंथरली, नाहीतरी ती दुसऱ्या कशासाठी वापरली जात नव्हतीच. लघवीचे कपडे वेगळे, उकळत्या पाण्यात. आणि शेजारच्या काकांची केमो चालू होती, त्यांचा फुटाण्यावर भारी जीव, पण त्यांना आम्ही सांगितलं, महिनाभर लांबूनच बघा. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालीय अशा माणसांना हा परजीवी त्रास देऊ शकतो.

तिसऱ्या रात्री मी हरले होते. ह्यांना म्हटलं, आपण ह्याचे हाल करतोय का हो, त्या पहिल्या डॉक्टरांचंच बरोबर होतं का? आम्ही ठरवलं, शनिवारपर्यंत स्वतःहून काही खाल्लं नाही तर पुण्याला फोन करायचा आणि त्या म्हणतील ते करायचं. असं ठरवणं मला आजही चुकीचं वाटत नाही. सगळे ससे वाचत नाहीत, मागचे पाय पूर्ण गेले, किडनी गेली, की नुसता आपला हट्ट उरतो.

दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. सासूबाई जमिनीवर बसून दुर्वा निवडत होत्या, तीन पात्यांची, कोवळी, एकवीसची जुडी. शेजारी टबात हा. आणि आम्हाला बारीक करकर करकर ऐकू आलं. ह्याने टॉवेलाच्या वळकटीवरून मान काढून, म्हणजे वाकडीच, निवडलेल्या ढिगातली एक काडी ओढली होती आणि ती तोंडाच्या एका कोपऱ्यातून हळूहळू आत सरकत होती. सासूबाई हललेल्या नाहीत. बोटानेच मला गप्प म्हणाल्या. सात काड्या खाल्ल्या त्याने, मग त्यांनी निवडलेला अख्खा ढीग त्याच्यासमोर सरकवला आणि ह्यांना मंडईत पिटाळलं, बाप्पासाठी दुसऱ्या आणायला. त्या वर्षी आमच्याकडे आरती झांजेशिवाय झाली, आवाजाने दचकला की गडगडायचा ना.

औषध सर्वपित्रीच्या सुमारास संपलं. गडगडणं पहिल्या आठवड्यात थांबलं, डोळे स्थिर झाले, मग तो भिंतीला अंग टेकून चालायला लागला, आणि दिवाळीत एकदा स्वयंपाकघरापर्यंत आला, मेथी चिरायच्या आवाजाला. मान पूर्ण सरळ झाली नाही, थोडी तिरकी राहिलीय, दमला किंवा घाबरला की जास्त. सोफ्यावर उडी मारायचा प्रयत्न करतो आणि चुकतो, मग जणू आपल्याला तिथे जायचंच नव्हतं अशा थाटात पाय चाटत बसतो. आजार परत उलटू शकतो असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

तेव्हापासून रोज सकाळी केराच्या सुपलीत लेंड्या बघायची सवय लागलीय मला, किती आहेत, केवढ्या आहेत, कोरड्या आहेत ना. आज रेकॉर्डिंगसाठी लवकर निघावं लागलं म्हणून ह्यांना सांगून आलेय मोजायला. मोजणार नाहीत, अंदाजाने सांगतील, मला माहितीय.

नमस्कार.