आतल्या पानावरचे वर्ष

बेळगावच्या शहापूर भागातील या खोलीत पॅरामेडिकचे शिक्षण घेणारी मुले-मुली सायंकाळी एकत्र अभ्यासाला बसतात. त्यांच्यापुढे वरच्या वर्गाकडून आलेली जुनी पुस्तके, झेरॉक्स काढून बांधलेले प्रश्नसंच आणि जाडजूड अमेरिकी ग्रंथ पसरलेले आहेत. कॅमेरा ज्या पानावर थांबला आहे, ते बहुतेक जण न वाचताच उलटतात. पुस्तक घेताना मात्र सर्वांत आधी तेच पाहायला हवे, कारण आवृत्तीचे वर्ष तिथे छापलेले असते.

हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवण्याचा सराव करताना मॅनिकिनच्या, म्हणजे सरावाच्या मानवी पुतळ्याच्या, छातीवर दाब देणाऱ्या या विद्यार्थिनीचे हात पाहा. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक दाब 5 ते 6 सेंटिमीटर खोल आणि 30 दाबांनंतर 2 श्वास, हे प्रौढांसाठीचे आकडे टप्प्याटप्प्याने ठरत आले आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2000 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत 15 दाबांमागे 2 श्वास होते. दाब थांबताच हृदयाला मिळणारा रक्तपुरवठा घटतो आणि तो पुन्हा वाढायला बरेच दाब द्यावे लागतात, म्हणून 2005 मध्ये 15 चे 30 झाले. 2010 मध्ये क्रमच बदलला आणि श्वासमार्ग मोकळा करण्याआधी छातीवर दाब देणे आले. वेग आणि खोली यांची वरची मर्यादा 2015 मध्ये घालण्यात आली. 2025 च्या तत्त्वांनुसार घशात काही अडकलेल्या प्रौढालाही आधी पाठीवर 5 थापा आणि मग पोटावर 5 झटके द्यायचे आहेत. 15 हा आकडा नव्या पुस्तकातही आढळेल, पण तो दोन प्रशिक्षित व्यक्ती मिळून लहान मुलाला वाचवत असतानाचा आहे. उत्तरामागचे कारण न देणाऱ्या प्रश्नसंचातून हा फरक कळत नाही, आणि म्हणूनच असे संच, कितीही स्वस्त असले तरी, घेऊ नयेत.

मोबाइलवर दिसणारे हे अ‍ॅप अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणी परीक्षेसाठी बनवलेले आहे. तिथे प्रत्येक उत्तरानुसार संगणक पुढचा प्रश्न निवडतो आणि ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) पातळीवर 70 ते 120 प्रश्न येतात. सरावाला ते चांगले आहे. आपल्या परीक्षेसाठी मात्र आपल्या मंडळाचा अभ्यासक्रम समोर ठेवून त्यातल्या प्रत्येक घटकापुढे पुस्तकातील प्रकरणाची खूण करावी लागते.

आता दिसतो तो खानापूरहून सह्याद्रीतल्या जांबोटीकडे जाणारा रस्ता. अमेरिकी ग्रंथांतील सर्पदंशाचे प्रकरण अमेरिकेतल्या सापांवर बेतलेले आहे. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेली आहे. सह्याद्रीत आढळणारा मलबारी चापडा हा विषारी साप तिच्यात येत नाही. दंशाच्या जागी चीर देऊन विष चोखावे किंवा वर घट्ट आवळपट्टी बांधावी, असे सांगणारी पुस्तके आजही हातोहात फिरतात. त्यामुळे रुग्णाचा हात किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. तो भाग हलू न देता रुग्णाला लवकरात लवकर रुग्णालयात पोहोचवावे, असे भारत सरकारच्या उपचार मार्गदर्शिकेत सांगितलेले आहे. परदेशी ग्रंथ वापरायचाच असेल, तर त्या मार्गदर्शिकेची छापील प्रत त्याच्याच सोबत बांधून घ्यावी.