पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं

मंडळी, वाचणाऱ्या माणसाला हटकून विचारतात, इतिहास वाचावा की आठवणी? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असं असतं की इतिहास खरा पण रुक्ष, आणि आठवणी रसाळ पण बेभरवशाच्या. मला ही वाटणीच मान्य नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचण्यात जी गोडी आहे, ती एकट्या कशातच नाही. आपला काळ लिहून ठेवणारा माणूस त्या काळाच्या आत उभा असतो. पुढे काय वाढून ठेवलंय, हे त्याला दिसत नाही. इतिहास वाचलेल्या आपल्याला दिसतं. त्यामुळे त्याचं साधं वाक्यसुद्धा आपल्याला जास्त काहीतरी सांगून जातं.

आपल्या मुंबईचंच घ्या. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचं. बाजार, देवळं, तळी, गिरण्या, नाना जातीजमातींची माणसं, सगळं शहर त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि हौसेनं लिहिलं. इतिहासाची पुस्तकं सांगतात की ते साल कापसाच्या तेजीचं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडायला घेतलेल्या. लोकांच्या हातात इतका पैसा आला की समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध आटोपलं, कापूस गडगडला, आणि १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा भले भले पेढीवाले बुडाले.

आता हे मनात ठेवून माडगांवकर पुन्हा उघडा. त्यांच्या पुस्तकात शहर नुसतं वाढतंय, भरभराटतंय. पुढच्या दोन वर्षांत काय होणार याची त्यांना कल्पना नाही, आणि असायचं कारणही नाही. १८६५ सालीच ते वारले. त्यांचा तो उत्साह वाचताना माझा जीव गलबलतो. त्याच तेजीत प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावे मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढे तेही बुडाले, पण देणगी आधीच दिलेली होती. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. ओव्हल मैदानावरून तो रोज किती जणांच्या नजरेला पडतो! त्यामागची तेजी-मंदी एकदा वाचलीत की त्याच्याकडे पूर्वीसारखं बघणं होत नाही.

आठवणींची खरी ताकद मात्र मला सत्तावनच्या बंडानं दाखवली. शाळेच्या पुस्तकातलं सत्तावन म्हणजे मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी. सेनापती, तारखा, वेढे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्यात जाऊन पडले ते दक्षिणेसाठी. घरात कर्ज, आणि मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कानावर आलेलं. चार पैसे मिळवायला काकांबरोबर निघालेला हा भिक्षुक महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून बंडाची बातमी ऐकतो. पुढे झाशीच्या वेढ्यात सापडतो. ‘माझा प्रवास’ त्यांनी पाव शतकानंतर लिहिलं, तरी लिहिताना ते तेव्हाच्या भटजींच्या डोळ्यांनीच बघतात. झाशी पडल्यावरची लूट वाचा. आधी सोनं-नाणं गेलं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. कुठल्या घरात काय उरलं, विहिरीवर पाणी मिळेल की नाही, आज जेवायचं काय, ही त्यांची काळजी. इतिहासकाराच्या एका ओळीत, “शहर लुटलं गेलं” एवढ्यात, हे सगळं दडलेलं असतं.

आणि तेच सत्तावन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये भलत्याच वाटेनं येतं. त्यांचा जन्म १८६८चा, म्हणजे बंड होऊन दहा-अकरा वर्षं झालेली. त्यांच्या आईच्या वडिलांना त्या धामधुमीत फाशी झाली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी त्याचा असा धसका घेतला की पुढे त्यांच्यावर सोवळ्याचं भूतच बसलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या घरात बायका-पोरं दिवसभर धुण्या-पुसण्यात पिचून निघाली. कुठं ती मेरठची छावणी आणि कुठं हे स्वयंपाकघर! बंडाचा कोणताही इतिहास काढा, हे घर त्यात सापडणार नाही. पण बंडाचा इतिहास ठाऊक नसेल तर हे वडील आपल्याला नुसते विक्षिप्त वाटतील. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, कुणावर डूख धरत नाहीत, म्हणून ते जास्तच लागतं.

याचा अर्थ इतिहासकार मागे पडले असं नाही. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक वाचताना जी झिंग येते, ती वादाची असते. एक विद्वान माणूस कागदपत्रं समोर ठेवून तुमच्याशी भांडतोय आणि तुम्हालाही मत बनवायला भाग पाडतोय. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी जुनी पत्रं जमवून छापलेल्या ‘साधनां’च्या खंडांना हात लावायला लोक उगाच बिचकतात. कुठलंही जुनं पत्र काढा. खर्चाची चिंता, उशिरा पोचलेला जासूद, आजारपण, सगळं जागच्या जागी आहे.

मुंबईच्या गिरण्यांवर, कामगारांच्या वस्त्यांवर चांगले इतिहास आहेत, आकडे आहेत. पण नागपाड्याच्या कावाखाना नावाच्या वस्तीत वाढणाऱ्या दलित मुलाच्या वाट्याला हे शहर कसं आलं, हे कळायला दया पवारांचं १९७८ सालचं ‘बलुतं’च उघडावं लागतं. माडगांवकरांची डौलदार मुंबई आणि ही मुंबई यांच्यात अंतर फारसं नाही, चालत जाता येईल एवढंच.

शेवटी एक कामाची गोष्ट. कुठली आवृत्ती हातात येते याकडे लक्ष द्या, प्रस्तावना आणि टिपा वगळू नका. ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं, पण संपादन करताना भटजींच्या मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम ते दत्तो वामन पोतदारांनी नंतर काढलं. वाचनालयात प्रत मागाल तेव्हा आतलं संपादकाचं नाव बघा. वैद्यांची मिळाली तर ती जरूर वाचा. दोन्ही असतील तर आधी पोतदारांची घरी न्या आणि मग वैद्यांची शेजारी ठेवून ताडून बघा. भटजींचं कोणतं वाक्य कुठं बदललं हे शोधण्यात दोन रविवार कसे जातील ते कळणार नाही.