तक्रारदारालाही अपील हवं

नमस्कार श्रोतेहो. आज डॉक्टरविरुद्धच्या तक्रारीबद्दल बोलू.

घरात डॉक्टरांची एखादी चिठ्ठी असेल, तर तिच्यावर नोंदणी क्रमांक शोधा. चिठ्ठी, दाखला, पैशांची पावती, सगळ्यांवर तो असणं बंधनकारक आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची ही नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल करते. गैरवर्तन सिद्ध झालं, तर नोंदवहीतून त्यांचं नाव काही काळापुरतं किंवा कायमचं काढण्याचा अधिकारही तिलाच आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत, म्हणून तक्रार करण्याआधी डॉक्टरची पदवी नीट वाचा.

कौन्सिल नुकसानभरपाई देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. कौन्सिलकडे तपासलं जातं ते डॉक्टरचं वागणं. उपचारात हयगय झाली का? पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेतलं का? खोटा दाखला दिला का? डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडू द्यावीच लागते. ते योग्यच आहे, कारण आयुष्यभराची प्रॅक्टिस पणाला लागलेली असते.

पण तक्रार उभी राहते ती केसपेपरवर. दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायची आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितली की ७२ तासांत द्यायची, असा नियम आहे. तोंडी मागाल तर 'साहेब नाहीत, उद्या या' हेच ऐकाल. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, तारीख-वेळ टाकून घ्या. कौन्सिलकडे केलेल्या तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लागावा, असंही हीच आचारसंहिता सांगते. त्यामुळे तक्रारीची पोचही जपून ठेवा आणि मुदत उलटली की लेखी विचारणा करा.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. निकाल डॉक्टरच्या विरोधात गेला, तर २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये त्याला आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे आणि तिथून आयोगाकडे अपिलाची वाट दिलेली आहे. तक्रार फेटाळली गेली, तर मात्र रुग्णाच्या अपिलाबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही. २००२च्या नियमांत नंतर झालेल्या दुरुस्तीने निकालाने नाराज असलेल्या कोणालाही ६० दिवसांत अपील करता येत होतं. मग २०१९चा कायदा करताना रुग्ण का वगळला? ज्या बाईचा नवरा गेला, तिने उच्च न्यायालयात रिट करावी, वकिलाची फी भरावी, मुंबई-नागपूरच्या खेपा घालाव्यात, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कलम ३० मध्ये तक्रारदारालाही अपिलाचा हक्क द्या, एवढी दुरुस्ती संसदेने करायला हवी. आपल्या खासदारांना हे पत्राने कळवा, कलमाच्या क्रमांकासह.