व्यायाम, ठोक्यांच्या मर्यादेत

(दृश्य: अंथरुणातला हात, मनगटावर घड्याळ. आकडा ६८.)

अजून पाय जमिनीला लागलेले नाहीत. चहा नाही, बोलणं नाही. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच एमई/सीएफएस, हा थोड्याशा श्रमानेही बळावणारा दीर्घ थकव्याचा आजार. तो असलेल्यांचा व्यायाम इथून सुरू होतो. अशी नाडी सलग सात सकाळी मोजायची आणि सरासरी काढायची. त्यात पंधरा मिळवले की सुरुवातीची वरची मर्यादा मिळते. सरासरी ६८ असेल, तर ८३.

आकडा हास्यास्पद वाटतो. केस विंचरतानाही काहींची नाडी त्यापुढे जाते. पण नेमकं तेच कळायला हवं. हृदयगती आटोक्यात ठेवणारी बीटा ब्लॉकर औषधं सुरू असतील, तर मात्र या आकड्यावर विसंबू नका. मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

(दृश्य: छातीचा पट्टा ओला करणारी बोटं.)

मनगटी घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून नाडी टिपतं. हात हलला, पट्टा सैल असला, मनगट गार पडलं की ते चुकतं. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, म्हणून हालचाल करताना तोच बरा. आतली बाजू पाण्याने ओली करायची आणि पट्टा छातीच्या स्नायूंच्या अगदी खाली, घट्ट पण श्वास अडणार नाही असा बसवायचा. कोरडा राहिला तर आकडे उड्या मारतात आणि माणूस उगाच घाबरतो. मर्यादेचा इशारा आवाजावर नको, कंपनावर लावा. या आजारात आवाजाचाही त्रास होतो.

(दृश्य: सतरंजी, दुमडलेले गुडघे.)

व्यायाम आडवं पडूनच. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, आणि या आजारात अनेकांचं हृदय तेवढ्यानेच धावू लागतं. टाच जमिनीवरून हळूच सरकवत पाय सरळ करायचा, परत ओढून घ्यायचा. श्वास रोखायचा नाही. तीस सेकंद झाले की थांबायचं, जमत असलं तरी. मग निदान दीड मिनिट निव्वळ पडून राहायचं. नाडी खाली आली नाही, तर आणखी. पहिल्या दिवशी अशा दोन फेऱ्या पुरे.

(दृश्य: प्रयोगशाळेतली सायकल, तोंडावर मास्क.)

एवढी कंजुषी कशासाठी? मास्क लावून सायकल चालवताना शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजणारी चाचणी लागोपाठ दोन दिवस घेतली, तर निरोगी माणूस दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढंच काम करतो. या रुग्णांच्या गटात मात्र, ज्या टप्प्यानंतर स्नायू ऑक्सिजनविना ऊर्जा काढू लागतात, तो टप्पा दुसऱ्या दिवशी अलीकडे सरकलेला दिसतो. म्हणून ‘रोज थोडं थोडं वाढवा’ हा सल्ला इथे उलटतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक वाढीच्या व्यायामाचा कार्यक्रम देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं. उशीरच झाला म्हणायचा.

(दृश्य: बंद पडदे.)

क्रॅश, म्हणजे श्रमानंतर सगळी लक्षणं एकदम बळावणं, बहुधा १२ ते ४८ तासांनी येतो. काहींची पातळी त्यानंतर महिनोन्महिने वर येत नाही.

(दृश्य: वही, तीन रकाने.)

म्हणून हालचाल, सर्वात जास्त नाडी आणि तिसऱ्या दिवसाची स्थिती एकाच ओळीत लिहायची. घसा खवखवणं, शब्द न आठवणं, झोप होऊनही अंग जड राहणं हे सगळं टिपायचं. तिसऱ्या दिवशी काही वाढलेलं नसेल, तर पुन्हा तेवढ्याच फेऱ्या. काही आठवडे असेच गेले, तरच एक फेरी वाढवून पाहायची. सेकंद आणि फेऱ्या एकदम वाढवल्या तर क्रॅश कशाने आला ते कळत नाही. ज्यांना कूस बदलणंही जड जातं, त्यांनी यातलं काहीच करू नये. आणि लांबलेला फोन, हिशेब, पाहुणे हीसुद्धा मेहनतच. असा दिवस असेल तेव्हा वहीत फेऱ्यांच्या जागी शून्य लिहायचं.