अक्षरं मोठी करायची आहेत? मग रिझोल्यूशनला हात लावू नका

नमस्कार. आज उबुंटू या लिनक्स सिस्टिमचा डेस्कटॉप आपल्या डोळ्यांना आणि हातांना सोयीचा कसा करून घ्यायचा ते बघू. सुरुवात डिस्प्लेपासून करतोय, कारण सगळ्यात जास्त घोळ मला तिथेच दिसतो.

[स्क्रीनवर: 'पंचांग', 'कृपा', 'वर्षा' हे शब्द, डावीकडे आणि उजवीकडे]

हे शब्द बघा. दोन्ही बाजूंना लॅपटॉप एकच आणि फाँटही एकच. पण उजवीकडे अनुस्वाराचा ठिपका राखाडी डाग झालाय, 'कृ'चा ऋकार फिसकटलाय आणि 'र्षा'वरचा रफार शिरोरेषेला चिकटून बसलाय. फरक एकच: उजवीकडे रिझोल्यूशन कमी केलंय.

हे घरोघरी चालतं. आई म्हणते, अक्षरं फार बारीक दिसतात. मग घरातलं कुणीतरी सेटिंग्ज उघडतं आणि १९२० बाय १०८० बदलून १३६६ बाय ७६८ करून देतं. अक्षरं मोठी होतात खरी, पण ती अशी पुसट होतात. 'आता मोठं दिसतंय ना?' म्हटल्यावर आईसुद्धा पुढे काही बोलत नाही.

असं का होतं? लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपके मोजून बसवलेले असतात. फुल एचडी पडदा म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०. त्यात वाढ नाही, घट नाही. आता १३६६ ठिपक्यांचं चित्र १९२० ठिपक्यांवर ताणायचं, तर चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला पडद्यावरचे साधारण १.४ ठिपके येतात. पण ठिपका तोडता येत नाही, म्हणून शेजारच्या ठिपक्यावर अर्धामुर्धा रंग जातो आणि कडा पसरते. इंग्रजी अक्षर त्यातूनही ओळखू येतं. आपल्या लिपीत मात्र शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली अगदी लहान जागेत खुणांची दाटी असते, आणि अर्थ त्या खुणांवरच ठरतो.

जुन्या काचेच्या, म्हणजे सीआरटी मॉनिटरवर रिझोल्यूशन कमी केलेलं खपून जायचं. तिथे ठिपक्यांची अशी ठरलेली चौकट नव्हती, किरण पडद्यावर चित्र रेखायचा. सवय त्या काळातली आहे. पडदे बदलले, ती मात्र राहिली.

[स्क्रीन रेकॉर्डिंग: सेटिंग्ज, डिस्प्लेज]

म्हणून रिझोल्यूशन आहे तसं राहू द्या. मॉनिटर केबलमधूनच कॉम्प्युटरला स्वतःची माहिती देतो, त्यामुळे बहुतेक वेळा योग्य आकडा आपोआप निवडलेला असतो. बदलायचं ते खालचं स्केल. तिथे १०० आणि २०० दिसेल. फ्रॅक्शनल स्केलिंग चालू केलंत की १२५, १५० असे मधले टप्पे मिळतात. स्केल वाढवलं की जास्त ठिपके वापरून अक्षर नव्याने काढलं जातं, त्यामुळे ते मोठंही होतं आणि स्वच्छही राहतं. बदल केल्यावर 'हे ठेवायचं का' असा प्रश्न येतो. २० सेकंदांत उत्तर दिलं नाही तर सगळं पूर्ववत होतं, तेव्हा निर्धास्तपणे करून बघा.

यात एक अडचण आहे. पडद्यावर विंडो दाखवण्याचं काम उबुंटूत आता वेलँड नावाची व्यवस्था करते. तिच्यासाठी न लिहिलेली जुनी ॲप्स मधल्या टप्प्यांवर अनेकदा पुसट दिसतात. अशी ॲप्स रोजच्या वापरात असतील तर स्केल १०० वरच ठेवा आणि सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन, सीइंगमध्ये, लार्ज टेक्स्ट चालू करा. त्याने फक्त अक्षरं सव्वापट होतात, बाकी मांडणी फारशी हलत नाही. ज्यांचं बहुतेक काम ब्राउझरमध्ये वाचणं आणि लिब्रेऑफिसमध्ये लिहिणं एवढंच आहे, त्यांच्या मशीनवर मी हाच पर्याय आधी लावतो.

दोन पडदे असतील तर प्रत्येकाचं स्केल वेगळं ठेवता येतं, आणि ठेवावंच. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर एका इंचात साधारण १४१ ठिपके बसतात, २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ९२. म्हणून तीच विंडो मॉनिटरवर सरकवली की अक्षरं जवळपास दीडपट होतात. लॅपटॉपला १२५ किंवा १५० आणि मॉनिटरला १०० दिलंत की नजरेला दोन्हीकडे सारखंच वाटतं.

इंटरनेटवर अजूनही रिझोल्यूशन किंवा स्केल बदलायला 'टर्मिनल उघडा आणि एक्सरँडरची (xrandr) कमांड द्या' असे सल्ले सापडतात. ती कमांड एक्स११ साठी, म्हणजे वेलँडच्या आधीच्या व्यवस्थेसाठी आहे. वेलँडवर तिने खऱ्या पडद्याची मांडणी बदलत नाही. आधी सेटिंग्जच्या सिस्टिम, अबाउटमध्ये तुमची विंडोइंग सिस्टिम कोणती, वेलँड की एक्स११, ते बघा. उबुंटू २५.१० पासून तर ग्नोमचं, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं, सेशन फक्त वेलँडवरच चालतं.

आता माउस. नवीन ४के मॉनिटर जोडल्यावर बाण अडखळत चालत असेल, तर माउसला दोष देण्याआधी डिस्प्लेजमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा, बघा. तिथे ३० दिसलं तर कारण सापडलं. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० साठी एचडीएमआय २.० चं पोर्ट आणि तशी केबल लागते, किंवा डिस्प्लेपोर्ट वापरा.

टचपॅडचं फार सांगत नाही. टॅप टू क्लिक चालू करा, स्क्रोलची दिशा सवयीप्रमाणे निवडा. हात थरथरत असेल तर मात्र माउस ॲक्सिलरेशन बंद करा. ते चालू असताना हात झटकन हलला की बाण प्रमाणाबाहेर लांब उडतो. बंद केल्यावर हात जितका हलेल तितकाच बाण सरकतो. सोबत ॲक्सेसिबिलिटीत बाणाचा आकार वाढवा आणि लोकेट पॉइंटर चालू करा. मग डावं कंट्रोल दाबलं की बाण कुठे आहे ते दिसतं.

[स्क्रीनवर: इनस्क्रिप्ट कीबोर्डचं चित्र]

कीबोर्डमध्ये इनपुट सोर्सेसच्या खाली अधिकचं चिन्ह दाबून मराठी जोडा. फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळी दाबायच्या) आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठी ठरवलेली कळींची मांडणी), दोन्ही मिळतील. रोज मराठी लिहायचं असेल तर मी आग्रहाने इनस्क्रिप्टच सुचवेन. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. पाय मोडायचं चिन्ह डी कळीवर आहे. शिफ्ट आणि एन म्हणजे ळ. शिफ्ट आणि जे म्हणजे ऱ, त्यापुढे डी आणि य दिलं की 'ऱ्य' होतं. साध्या जे कळीवरच्या र ने 'आचार्यांना' उमटतं, शिफ्टवाल्या ऱ ने 'आचाऱ्यांना'. पंगतीचं निमंत्रण कुणाला जाणार ते या एका कळीवर ठरतं.

काही जणांना छापील तक्त्यात अंकांच्या कळींवर क्ष, ज्ञ, त्र दिसतात, पण इथे उमटत नाहीत. कारण साधा लेआउट एका कळीला एकच चिन्ह पाठवतो. क, डी, मग ष असं ओळीने दिलं की क्ष तयार होतं. ज, डी, ञ चं ज्ञ. एकदा बोटांत बसलं की त्या वेगळ्या कळींची आठवणही येत नाही.

भाषा बदलायला सुपर (बहुतेक कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस. यादीत इंग्रजी पहिली ठेवा. पासवर्ड इंग्रजीत असेल आणि तो बरोबर असूनही लॉक स्क्रीनवर चालत नसेल, तर कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह आधी बघा.

आणि कळीवरून बोट पटकन उचललं न गेल्यामुळे 'ककककक' असं उमटत असेल, तर ॲक्सेसिबिलिटीत, टायपिंगमध्ये, रिपीट कीज बघा. तिथला डिले वाढवा. लिहिणाऱ्यालाच शेजारी बसवून एखादी ओळ टाइप करायला सांगा, आणि एकेकच अक्षर उमटायला लागेपर्यंत ती पट्टी थोडी थोडी सरकवत राहा.