काळी एकचा तबला, पांढरी दोनचं गाणं

[पडदा काळा. फक्त तबला.]

केरवा आहे. धा गे ना ति, न क धि ना. चार आवर्तनं, ९.६ सेकंद. फाइलच्या नावातच १०० लिहिलंय, म्हणजे १०० बीपीएम, मिनिटाला १०० ठोके, दोन मात्रांना एक ठोका. तबला लावलाय काळी एकला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात.

[खोली. लॅपटॉप, हेडफोन, कोपऱ्यात पेटी.]

ज्या गाण्यासाठी हा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायचा आवाजाचा तुकडा, काढला, त्याचा सा आहे पांढरी दोन आणि लय ११२.

तालाच्या लूपवर लय लिहिलेली असते, पट्टी असेलच असं नाही. ड्रमसेट असेल तर पुष्कळदा खपून जातं. तबल्याला नाही खपत. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, ‘ना’ वाजला की सा वाजलाच.

सगळ्यात जुना उपाय म्हणजे फाइल नुसती जोरात पळवायची. टेपला आणि तबकडीला दुसरं काही येतच नव्हतं. फिरकी वाढली की आवाज चढणार. ११२ वर नेल्याबरोबर आपला तबला काळी दोनपाशी जाऊन बसतो. अर्धा स्वर जास्त. पेटी धरून ऐका, दात आंबतात.

[जुनं टेप मशीन, फिरणारी रिळं.]

१९६६, लंडन. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’चे दोन टेक, म्हणजे एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं, समोर आहेत, सातवा आणि सव्विसावा. जॉन लेननला एकाची सुरुवात आवडलीय, दुसऱ्याचा शेवट. दोघांची लय वेगळी, पट्टीही वेगळी. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांचं नशीब असं, की जो टेक जलद होता तोच चढ्या पट्टीत होता. एक थोडा पळवला, दुसरा थोडा रेंगाळवला, आणि साधारण पहिल्या मिनिटाशी सांधा जुळला.

नशीब नसतं तर? त्याच वर्षी अमेरिकेत, बेल लॅब्जमध्ये, फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी ‘फेज व्होकोडर’ मांडला होता. तो होता बोलण्याच्या आवाजासाठी. आवाजाचे एकमेकांवर चढलेले बारीक तुकडे करायचे, प्रत्येकात कोणकोणते सूर आहेत ते मोजायचं, आणि तुकडे जवळ किंवा लांब मांडून पुन्हा आवाज बांधायचा. सूर तोच, वेळ वेगळा. पुढे १९९८ मध्ये ‘ॲसिड’ आणि २००१ मध्ये ‘एबलटन लाइव्ह’ ही संगीताची सॉफ्टवेअर आली, तेव्हा लूप ओढून टाकला की तो आपोआप लयीत बसू लागला.

[पडद्यावर तरंग. एक ‘धा’ मोठा करून.]

हा एक ‘धा’ बघा. डावीकडचा कडा म्हणजे थाप. मागची लांब शेपटी म्हणजे डग्ग्याचा घुमारा. ‘एबलटन लाइव्ह’मध्ये आवाज ताणायचे वेगवेगळे प्रकार आहेत. त्यातला ‘कॉम्प्लेक्स’ लावला की घुमारा बरा राहतो, पण थाप मऊ पडते, बोटांना पीठ लागल्यासारखी. ‘बीट्स’ लावला की थाप कडक राहते, कारण तिथे प्रत्येक थापेपाशी कात्री लागते. पण ‘गे’वर मनगट दाबून काढलेला घिस्सा त्याच कात्रीत सापडतो. चढत जाणारा सूर मध्येच तुटतो आणि ‘ना’ येऊन आदळतो.

आणि खुणा! सॉफ्टवेअर उत्साहाने प्रत्येक थापेवर खूण टाकतं आणि सगळ्या लयीच्या रेषेवर ओढतं. ‘ति’ किंचित मागे ठेवून वादकाने जो डौल आणला होता, तो गेला. मी बहुतेक खुणा काढून टाकते, समेवरची तेवढी ठेवते. कधी १०० चे ते २०० धरतं, तेही बघावं लागतं. दादऱ्याच्या सहा मात्रा तर चाराच्या हिशेबात कोंबल्या जातात, त्यावर न बोललेलंच बरं.

[पुन्हा खोली. लॅपटॉपवर ‘री-पिच’, म्हणजे टेपसारखी पळवायची रीत, निवडलेली.]

या लूपपुरता शेवटी कागदावर हिशेब केला. टेपच्या रीतीने अर्धा स्वर चढवायचा तर वेग जवळपास सहा टक्के वाढवावा लागतो. १०० चे १०६. काळी एकची पांढरी दोन. ना कात्री, ना पीठ.

गायिकेला फोन लावला. म्हटलं, ताई, ११२ ऐवजी १०६ वर गाऊन बघता का?

त्यांनी फोनवरच मुखडा गुणगुणला. मग म्हणाल्या, “अगं, अंतऱ्यात श्वास घ्यायला जागा मिळतेय. असंच ठेव.”

[१०६ वर केरवा. ‘गे’वरचा घिस्सा पूर्ण ऐकू येतो.]